बस मोजू नका, फेऱ्या मोजा
शहर बसचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्या सर्वांना खुले पत्र

माननीय महोदय आणि महोदया,

मी निवृत्त कंडक्टर. नागपूरची शहर बस एसटीकडे होती त्या काळात मी बर्डीवरून, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीवरून, ड्यूटी केली. पुढे कामठी, रामटेक, उमरेडकडच्या गाड्यांवर गेलो, आणि तिकिटांची बॅग जमा करून घरी बसलो त्याला आता आठ वर्षं झाली. घरी बसलो म्हणायचं, पण बस काही सुटली नाही. आम्ही दिघोरीच्या पलीकडे राहतो. सून हिंगण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते, तिची पाळी सकाळी सातची. नातू कॉलेजला जातो. मी महिन्यातून दोनदा डोळ्यांसाठी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जातो. आमच्याकडे दुचाकी एकच आहे आणि ती मुलगा कामावर नेतो. बाकी सगळ्यांचे पाय म्हणजे शहर बस.

जुन्या डिझेल गाड्या काढायच्या आणि त्यांच्या जागी सरकारी मदतीतून विजेवरच्या गाड्या आणायच्या, असं ठरलं आहे. त्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं 'म्हाताऱ्याला नवीन काही नको' या खात्यात जमा होईल. डिझेलचा धूर मी तीस वर्षं गिळला आहे. पुढे इंजिन असलेल्या जुन्या गाडीत मे महिन्यात ड्रायव्हरशेजारच्या बोनेटवर पोतं टाकलं तरी बसवत नसे, आणि गर्दी असली की तिथेही तीन माणसं बसत. खालच्या पायरीवरून म्हाताऱ्या बायांना हाताला धरून मी वर ओढलं आहे. नवीन गाडीची पायरी खाली, आत गारवा, कानठळ्या नाहीत. चांगली गाडी आहे. (एक गंमत सांगतो. पूर्वी मला नुसत्या आवाजावरून कळायचं कोणत्या डेपोची गाडी येते आहे. ही गाडी आवाजच करत नाही. डोळे अधू झालेल्या माणसाला ती अंगावर आल्यावरच कळते.)

तर तक्रार गाडीची नाही, गाडी येत नाही ही आहे.

यंदा नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता त्या दिवसांतली गोष्ट. थांब्याचं नाव आणि मार्ग क्रमांक मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यात जो चालक होता तो पोरगा बिचारा बोलणी खाईल आणि त्याचा काही दोष नव्हता. दुपारी पावणेदोनला मी थांब्यावर पोचलो. थांब्यावर स्टीलचा बाक होता, त्यावर हात टेकवला तर चटका बसला, म्हणून आम्ही नऊ-दहा जण समोरच्या दुकानाच्या सावलीत उभे राहिलो. एक तास दहा मिनिटांनी गाडी आली. नवी, विजेची. सगळे चढले, थंड वारा लागला, एका बाईंनी तर "बरं झालं बाप्पा" म्हणून डोळेच मिटले. चार थांबे गेले आणि गाडी बाजूला लागली. चालक मागे वळून म्हणाला, "काका, उतरा न जी. चार्जिंग संपाले आली. डेपोत आना म्हनतेत." मागची गाडी कधी येईल हे त्याला माहीत नव्हतं, कंडक्टरलाही नव्हतं. कंडक्टरने तिकिटांच्या मागे सही करून दिली, मागच्या गाडीत चालेल म्हणाला. मागची गाडी आली तेव्हा मी ऑटोत बसलो होतो. ज्या बाईंनी डोळे मिटले होते त्या ऑटोत बसू शकल्या नाहीत. त्या चालत निघाल्या.

ही एका दिवसाची गोष्ट धरून मी पत्र लिहिलं नसतं. पण त्या दिवशी रात्री मी कागद घेऊन बसलो आणि जुन्या सवयीने हिशेब मांडला. तो आपल्यापुढे ठेवतो.

केंद्र सरकारने 16 ऑगस्ट 2023 रोजी पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. 57,613 कोटी रुपयांची योजना, त्यातले 20,000 कोटी केंद्राचे, देशभरात 10,000 बस. तीन लाखांवर वस्ती असलेली शहरं त्यात बसतात. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, तिकिटाचे पैसे शहराचे, आणि कंत्राटदाराला मोबदला किलोमीटरवर. त्या मोबदल्यात केंद्राचा हातभार असा: बारा मीटरच्या गाडीला किलोमीटरमागे 24 रुपये, नऊ मीटरच्या गाडीला 22, सात मीटरच्या गाडीला 20. ही मदत दहा वर्षं, किंवा मार्च 2037 पर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. डेपो आणि तिथली विजेची व्यवस्था उभारायलाही केंद्र पैसे देतं.

कागदावर यात खोट काढण्यासारखं फार नाही. पण या सगळ्या मांडणीत मोजलं जातं ते दोनच गोष्टींत: गाड्या किती आल्या आणि किलोमीटर किती झाले. प्रवासी किती चढले, किती थांब्यावर उभे राहून परत गेले, यावर मोबदला ठरत नाही.

आमच्या वेळी वेबिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांचा हिशेबाचा कागद, जमा करताना पहिला प्रश्न यायचा, "भारमान किती?" म्हणजे शंभर जागांमागे किती माणसं बसली. भारमान घसरलं की वरून विचारणा व्हायची, मग आम्ही थांब्यावर अर्धा मिनिट जास्त उभे राहायचो, धावत येणाऱ्यासाठी दोरी ओढायचो. त्या पद्धतीतही खोट होती, मला माहीत आहे. पण किलोमीटरवर पैसे मिळणाऱ्या गाडीला थांब्यावर थांबण्यात कसलाच फायदा नाही. गाडी रिकामी धावली तरी किलोमीटर तोच. म्हणूनच थांब्यावर हात दाखवत उभ्या असलेल्या माणसांसमोरून गाडी मधल्या लेनमधून निघून जाते. चालकाला शिव्या देऊन काय होणार? करारच तसा लिहिला आहे.

आता 'जागी' या शब्दाचा हिशेब. एका डिझेल गाडीच्या जागी एक ई-बस, असं सांगितलं जातं. डिझेलची टाकी दहा मिनिटांत भरते आणि गाडी दिवसभर पळते. ई-बस रात्री चार्ज होते आणि बऱ्याचदा दिवसाही एकदा मध्ये लावावी लागते. समजा एका मार्गावर दहा डिझेल गाड्या होत्या आणि प्रत्येकीच्या दहा फेऱ्या, म्हणजे दिवसाला शंभर. (आकडे माझे आहेत, समजण्यापुरते.) दहाच ई-बस आल्या, प्रत्येकीचे दुपारी दीड तास चार्जरवर गेले आणि डेपोपर्यंत रिकामं जाण्या-येण्यात अर्धा तास. एका गाडीच्या दीड फेऱ्या गेल्या. शंभराच्या पंच्याऐंशी झाल्या. फोटोत गाड्या दहाच दिसतात, पंधरा फेऱ्या कुठे गेल्या हे कुणाला दिसत नाही. ते फक्त थांब्यावर उभ्या असलेल्याला कळतं.

त्यात जुन्या गाड्या तर काढाव्याच लागणार. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी आणि महापालिकांच्या वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे चालू राहत नाही. नियम ठीक आहे. पण एसटीचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. भाड्याने घ्यायच्या 5,150 ई-बसचा करार झाला आणि गाड्यांचा पुरवठा वेळापत्रकाच्या फार मागे पडला. नवी गाडी कागदावर आणि जुनी भंगारात, या मधल्या काळात माणूस कशावर जातो? सुनेला विचारलं तर ती सांगेल: तीन सीटच्या ऑटोत सहा जण बसून.

नागपूरला तर हे नवीन नाही, राजेहो. 2014 मध्ये इथे इथेनॉलवरची हिरवी बस आली तेव्हा देशभर नाव झालं. 2018 मध्ये ती सेवा बंद पडली, कारण गाडी बिघडली म्हणून नव्हे, पैशांच्या व्यवहारात बिनसलं म्हणून. 26 मे 2017 रोजी विजेवरच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोगही इथेच सुरू झाला. वर्षभरात चालक चार्जिंगच्या रांगेत तासन्‌तास उभे राहून कंटाळले आणि आम्हाला पुन्हा डिझेलची गाडी द्या म्हणू लागले. दोन्ही वेळा यंत्र ठीक होतं. एकदा देणी अडली, एकदा चार्जर कमी पडले. तिसऱ्या वेळी आपण यातलं काय वेगळं करणार आहात, एवढंच मला विचारायचं आहे.

देण्यांची काळजी दिल्लीने घेतली आहे, हेही मला ठाऊक आहे. सप्टेंबर 2024 मध्ये 3,435 कोटी रुपयांची वेगळी योजना मंजूर झाली. शहराने कंत्राटदाराचं बिल थकवलं तर त्या निधीतून ते चुकतं होतं आणि नंतर राज्याकडून वसूल होतं. उत्तम. कंत्राटदाराचा पैसा बुडू नये म्हणून एवढी भक्कम तरतूद. प्रवाशाची फेरी बुडू नये म्हणून एका पानाची तरी तरतूद आहे का?

चार्जरचा प्रश्न मात्र आपल्यालाच सोडवायचा आहे. पन्नास गाड्या रात्री एकाच वेळी साठ-साठ किलोवॉटवर लावल्या तर तीन मेगावॉट होतात. ते घरगुती मीटरवर चालणारं काम नाही. त्यासाठी उच्चदाबाची स्वतंत्र वाहिनी लागते, रोहित्रं लागतात, आणि एक वाहिनी बंद पडली तर दुसरी लागते. जमीन, भिंत, शेड हे सगळं उभं राहतं आणि वीज जोडणीच्या कागदासाठी गाड्या उभ्या राहतात, असं होऊ नये. वीज कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरची आहे आणि तिकडच्या गावांच्या वाट्याला राख येते, हेही मी विसरत नाही. पण तो मोठा विषय आहे, आज नको.

नागपूरच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं का? 2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 वर गेला होता. अशा उन्हात बॅटरीही तापते आणि तिला थंड ठेवायलाही वीज लागते. वर दर दोन मिनिटांनी दार उघडून गारवा बाहेर जातो. कंपनीच्या पत्रकात लिहिलेले किलोमीटर डिसेंबरात मिळतील, मे महिन्यात मिळणार नाहीत. मग वेळापत्रकही मे महिन्याचं वेगळं हवं. एवढी साधी गोष्ट कुणी केली असती तर त्या दुपारी आम्ही चौथ्या थांब्यावर उतरलो नसतो.

आणि पावसाळा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि बर्डीचं मोरभवन बसस्थानक पाण्यात गेलं. चार्जर, रोहित्रं आणि बॅटरीच्या गाड्या जिथे रात्रभर उभ्या राहणार त्या जागेची उंची कोणी मोजली आहे का? मोजली असेल तर सांगा, माझी चिंता मिटेल.

चालकांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण मी त्यांच्या शेजारी उभा राहून आयुष्य काढलं. विजेच्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. पेडलवर पाय पडला की ती एकदम ओढ घेते, पाय काढला की मोटरच तिला आवरू लागते. वीस वर्षं डिझेल चालवलेल्या माणसाचे पाय दुसरंच शिकलेले असतात, आणि घाबरल्यावर माणूस डोक्याने नाही, पायाने गाडी चालवतो. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री मुंबईत कुर्ल्याला भाडेतत्त्वावरची विजेची बस बाजारातल्या गर्दीत शिरली, माणसं गेली. त्या चालकाला या गाडीचं शिक्षण किती दिवस मिळालं होतं, हा प्रश्न त्यानंतर राज्यभर विचारला गेला. आपल्या शहरातल्या चालकांच्या बाबतीत तो अपघाताआधी विचारावा, म्हणून मी आज विचारतो. कंत्राट बदललं की चालक तोच राहतो पण त्याची नोकरी नव्याने सुरू होते, जुनी सेवा पुसली जाते. पगार लांबला की काम बंद होतं आणि काम बंद झालं की पुन्हा थांब्यावर आम्हीच. हे मी संपाच्या विरोधात म्हणत नाही. मीही संपात बसलो आहे.

कंडक्टरांचं काय होणार ते तर कुणीच बोलत नाही. तिकीट मोबाईलवर येणार म्हणे. येऊ द्या. पण मेडिकलला जाणाऱ्या खेड्यातल्या म्हातारीला "आजी, तुमचा थांबा पुढचा" हे मोबाईल सांगणार आहे का?

थांब्यांबद्दल थोडक्यात. गाडीची पायरी खाली आली, पण गाडी फुटपाथला लागतच नाही, कारण तिथे ऑटो, पार्किंग किंवा पोह्याची गाडी असते. (तर्री-पोह्यावर माझं प्रेम आहे, पण ते थांब्याच्या दहा पावलं पुढे खाता येतात.) मग माणूस रस्त्यावर उतरतो आणि तिथून पायरी चढतो. लाखो रुपये देऊन कमी केलेली उंची आपण फुकटात परत वाढवली.

आता मागण्या. एकेक स्पष्ट लिहितो, म्हणजे 'सूचनांचा विचार करण्यात येईल' असं मोघम उत्तर देता येणार नाही.

एक. प्रत्येक मार्गावर ठरलेल्या फेऱ्या किती, प्रत्यक्ष झाल्या किती आणि रद्द का झाल्या, हे दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत जाहीर करा. गाड्यांची संख्या छापू नका म्हणत नाही, तिच्याशेजारी हा आकडाही छापा.

दोन. ज्या मार्गावर नवी गाडी प्रत्यक्ष धावू लागून तीन महिने झाले नाहीत, त्या मार्गावरची चालती डिझेल किंवा सीएनजी गाडी काढू नका. मुदत संपलेली गाडी काढावीच लागली तर तिच्या जागी आधी दुसरी उभी करा. आणि बदली करताना गाडीमागे गाडी मोजू नका, फेरीमागे फेरी मोजा. दहाच्या जागी बारा लागत असतील तर बारा मागा.

तीन. कंत्राटदाराच्या बिलात थांबा चुकवल्याचा, वाटेत प्रवासी उतरवल्याचा आणि सुटलेल्या फेरीचा दंड ठेवा, आणि तो कापला की नाही हेही पहिल्या मागणीतल्या कागदावर येऊ द्या. हा दंड चालकाच्या पगारातून वसूल होणार नाही, असं करारात लिहा. नाहीतर शेवटी तोच पोरगा भरेल.

चार. एप्रिल ते जूनसाठी वेगळं वेळापत्रक, कमी किलोमीटर धरून. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचार ते आठ या वेळात एकही गाडी चार्जरवर नको.

पाच. चालकांना या गाडीवर रिकाम्या मैदानात आणि मग रिकाम्या रस्त्यावर पुरेसं प्रशिक्षण. दिवस किती ते तज्ज्ञांनी ठरवावं, पण ते लेखी असावं आणि प्रत्येक चालकाच्या नावापुढे तारीख असावी. कंत्राट बदललं तरी चालक-कंडक्टरांची सेवा सलग धरावी.

सहा. हिंगणा, बुटीबोरी आणि कळमन्याकडे पहिली गाडी पहाटे पाचला सुटलीच पाहिजे. मेट्रो खापरीला संपते, लोकमान्यनगरला संपते, पारडीकडे प्रजापतीनगरला संपते. तिथून पुढे पाळीवर जाणाऱ्या बायका पायी जाणार नाहीत, आणि जाऊही नयेत.

सात. मार्च 2037 नंतर हे किलोमीटरमागचे 24 आणि 22 रुपये कोण भरणार, याचा हिशेब आजच अर्थसंकल्पात दाखवा. तिकिटातून काढायचे ठरवलं असेल तर तेही सांगा. तोवर मी नसेन, पण नातू तेव्हा याच थांब्यावर उभा असेल.

याचं उत्तर मला पोस्टाने नको. बर्डीला जी रांग लागते तिथे एका फळ्यावर लावा, मोठ्या अक्षरात. मी येत्या महिन्याच्या सहा तारखेला मेडिकलला जाणार आहे. जाताना थांबून वाचेन, आणि पहिल्या मागणीतला कागद तिथे नसेल तर तिथूनच आपल्या कार्यालयात येईन. बस मिळाली तर अकरापर्यंत पोचेन.

आपला,
दिघोरीचा एक निवृत्त कंडक्टर